गीतरामायण एका आवाजाचे कधीच नव्हते

१/ भोकरदनसारख्या तालुक्याच्या गावी चैत्रात गीतरामायणाचा कार्यक्रम झाला की मांडवातून बाहेर पडताना एक वाक्य हमखास कानी येते : "छान झालं, पण बाबूजींची सर नाही." बोलणारा स्वतःस जाणकार समजत असतो. पेटीचा भाता मिटत बसलेला तरुण गायक ते ऐकतो आणि पुढच्या वर्षी बहुधा गायला बसत नाही. त्याच्या जागी ध्वनिक्षेपकावर जुनी ध्वनिमुद्रिका लागते.

हे वाक्य रसिकतेचे लक्षण मानले जाते. वस्तुतः ते इतिहासाच्या अज्ञानाचे लक्षण आहे. त्याची ही तपासणी. #धागा

२/ प्रथम वस्तुस्थिती. पुणे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. केंद्र अवघे दीड वर्षाचे असताना तेथील अधिकारी सीताकांत लाड यांनी आपले स्नेही ग. दि. माडगूळकर यांना नभोवाणीसाठी वर्षभर चालेल असे काही लिहिण्याचा आग्रह धरला. माडगूळकरांनी वाल्मीकींची कथा गीतांत गुंफण्याचे ठरवले. संगीतासाठी सुधीर फडके आले. पाळण्यातले त्यांचे नाव राम. हा योगायोग पुढे भाविकांनी फार गंभीरपणे घेतला.

३/ १ एप्रिल १९५५, शुक्रवार, रामनवमी. त्या सकाळी पहिले गीत प्रसारित झाले. मग दर आठवड्यास एक नवे गीत. योजना ५२ गीतांची होती. त्या वर्षी अधिक भाद्रपद आल्याने संख्या ५६ वर गेली. १९ एप्रिल १९५६ रोजी, म्हणजे पुढच्या रामनवमीस, मालिका संपली. पंचांगाने एखाद्या काव्याची लांबी ठरवल्याचे दुसरे उदाहरण मराठीत सहजी सापडणार नाही.

४/ त्या वर्षी भोकरदन कोठे होते? हैदराबाद राज्यात, औरंगाबाद जिल्ह्यात. पुणे केंद्र मुंबई राज्यातले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला तेव्हा मालिका संपून सहा महिने उलटले होते. जालना जिल्हा तर १ मे १९८१चा.

हा तपशील गौण नाही. आज या भागात "मूळ गीतरामायण" म्हणून ज्याची आठवण काढली जाते, ते १९५५चे प्रसारण क्वचितच असते. ती आठवण पुढच्या काळातील तबकड्यांची, कॅसेटची आणि देवळावरच्या कर्ण्याची असते. म्हणजे दुसऱ्या आवृत्तीची.

५/ मग पहिल्या आवृत्तीत कोण गात होते?

रामाच्या मुखी घातलेली गीते स्वतः फडके यांनी गायिली. सीतेसाठी माणिक वर्मा होत्या, कौसल्येसाठी ललिता फडके. वसंतराव देशपांडे होते. लता मंगेशकर होत्या. मालती पांडे, राम फाटक, सुरेश हळदणकर, योगिनी जोगळेकर, कुमुदिनी पेडणेकर, बबनराव नावडीकर, चंद्रकांत गोखले. जानकी अय्यर, कालिंदी केसकर, सुमन माटे. व्हायोलिनवर प्रभाकर जोग. वादकांत अण्णा जोशी, केशवराव बडगे, सुरेन अकोलकर. ही नावे येथे मुद्दाम ओळीने लिहिली आहेत, कारण "बाबूजींची सर नाही" म्हणणाऱ्यास यांतली पाच नावेही न अडखळता सांगता येत नाहीत, असा सार्वत्रिक अनुभव आहे.

६/ या यादीचा अर्थ नीट ध्यानी घ्यावा. सर्व ५६ गीतांच्या चाली फडके यांच्या. सर्व गीते स्वतः गाण्याची क्षमता त्यांच्यापाशी होती, हे पुढे त्यांनी शेकडो प्रयोगांत सिद्ध केले. तरीही पहिल्या वेळी त्यांनी ती वाटून दिली. ज्या पात्राचे मनोगत, त्या पात्रास शोभेल असा गळा. हा संगीतकाराचा विचारपूर्वक निर्णय होता, अडचणीतून काढलेली वाट नव्हे. गीतरामायण जन्मले तेच मुळी अनेक आवाजांत. त्यात राजा, राणी, केवट, शबरी, वानर, ऋषी ही माणसे आपापल्या तोंडाने बोलत होती.

७/ एकच आवाज आला तो रंगमंचावर. याचे कारण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. नभोवाणीवर आठवड्यास एक गीत. त्या एका सकाळसाठी एका गायिकेस बोलावता येते. फिरत्या कार्यक्रमाचा हिशेब निराळा. गावोगावच्या मंडळांना वीस गायकांचा प्रवास, मुक्काम, भोजन आणि बिदागी कशी परवडावी? एक गायक, पेटी, तबला, व्हायोलिन, एखादे तालवाद्य, मागे तंबोरा : एवढे माणूस एका गाडीत मावते. गीतरामायणाचा एकस्वरी अवतार हे व्यवहाराचे अपत्य आहे. त्यात कमीपणा काहीच नाही. फिरत्या कलेचे नियम नेहमी रस्त्यानेच घालून दिलेले असतात. मात्र व्यवहारातून जे घडले त्यास पुढे शास्त्र म्हणून मान्यता मिळाली. तेथून घोटाळा सुरू होतो.

८/ एच.एम.व्ही.ने पुढे काढलेल्या ध्वनिमुद्रिकांच्या संचात सारी गीते फडके यांच्याच आवाजात आली. प्रसारण हवेत विरते, तबकडी कपाटात राहते. ज्याचे मुद्रण घराघरांत पोचले तो आवाज "मूळ" ठरला. ज्यांचे पोचले नाही ते गायक पाहुणे कलाकार ठरले, मग तळटीप झाले, मग नाहीसे झाले. हे कोणाच्या कारस्थानाने घडले नाही. पण जे घडले ते घडले नाही असे मानून रसिकतेच्या गप्पा मारणे अप्रामाणिक आहे.

९/ या बदलाची सर्वांत मोठी किंमत कोणी दिली, हा प्रश्न आजवर फारसा विचारला गेला नाही. ती स्त्री-आवाजांनी दिली.

अहल्येचे मनोगत, कौसल्येचा काळजीने भरलेला निरोप, कैकेयीचा हट्ट, शूर्पणखेचे धिटाईचे आर्जव, शबरीचे कृतार्थपण, आणि ज्या गीतात टाकलेली सीता लक्ष्मणाला जाब विचारते ते गीत. माडगूळकरांनी स्त्रियांच्या तोंडी घातलेली ही गीते संग्रहातल्या सर्वांत धारदार गीतांपैकी आहेत. नभोवाणीवर ती स्त्रियांच्या गळ्यांतून आली. रंगमंचावर ती पुरुषाच्या गळ्यात गेली.

१०/ येथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे : बालगंधर्वांच्या महाराष्ट्रात पुरुषाने स्त्रीचे मनोगत गावे यात नवल काय? कीर्तनकार तर एकाच उपरण्यात कैकेयीही होतो आणि मंथराही. फडके यांच्या गायनात सीतेचे दुःख उणे पडत नव्हते, हे ऐकणारे शपथेवर सांगतील. खरेच सांगतील.

प्रश्न त्यांच्या गायनाचा नाही. प्रश्न असा, की आज तालुक्याच्या गावी एखादी शिक्षिका शूर्पणखेचे गीत स्वतंत्र ढंगाने म्हणते तेव्हा "हे मूळ चालीबरहुकूम वाटत नाही" असे तिलाच ऐकवले जाते. जे गीत स्त्रीच्या तोंडी लिहिले गेले, त्यावर स्त्रीने हक्क सांगितला की ती अनुकरणात नापास ठरते. मूळच्या घराची मालकीण भाडेकरू झाली आणि भाडे थकल्याची नोटीसही तिलाच.

११/ फडके यांच्या थोरवीबद्दल येथे तिळमात्र शंका नाही. शब्दाचा उच्चार, जोडाक्षराचे वजन, ओळीत श्वास कोठे घ्यायचा आणि कोठे घ्यायचा नाही : या बाबतीत मराठी भावगीताने त्यांच्याइतका दक्ष गुरू फार थोड्या वेळा पाहिला. कथा सांगणाऱ्या गायकाने गळ्याची कसरत टाळून अर्थ पुढे ठेवावा, हा धडा त्यांनीच घालून दिला. पण गुरूपासून शिकायचे ते तत्त्व, की त्याच्या आवाजाची नक्कल? नाकातला किंचित स्वर, विशिष्ट जागी घेतलेला ठेहराव, निवेदनातला तोच विराम यांची हुबेहूब प्रतिकृती करणारे गायक मंडळांना हवे असतात. म्हणजे हवी असते ती सावली. स्वतःच्या सावलीचे कौतुक फडके यांच्यासारख्या काटेकोर माणसास कितपत रुचले असते, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

१२/ एक गोष्ट नेहमी नजरेआड होते : गीतांची निवडही सतत बदलत आली आहे. ५६ गीते, बहुतेकांना अनेक कडवी. सारी म्हणायची तर अनेक रात्री लागतात. तीन तासांच्या कार्यक्रमात पंधरा-वीस गीते बसतात, तीही कडवी गाळून. रामजन्म, सेतुबंधन, भरतभेट ही ठरलेली. निवेदनाने मधल्या दऱ्या बुजवायच्या. याचा अर्थ, जो श्रोता "मूळ तेच हवे" म्हणतो त्याने मूळ गीतरामायण अखंड कधी ऐकलेलेच नसते. निम्म्याहून अधिक गीते गाळलेली त्यास चालतात. आवाज बदललेला मात्र चालत नाही.

१३/ माडगूळकर १४ डिसेंबर १९७७ रोजी गेले. फडके २९ जुलै २००२ रोजी. त्यांच्यानंतर त्यांचे पुत्र श्रीधर फडके, जे स्वतः नामांकित संगीतकार, गीतरामायणाचे कार्यक्रम करीत आले. अन्य अनेक गायक-गायिकांनीही केले, करीत आहेत. कोणी दोन आवाजांत बसवतात, कोणी नृत्यासह, कोणी शाळेतल्या मुलांचा वृंद उभा करून. याआधीच हिंदी, कन्नड, तेलुगू, संस्कृत अशा भाषांत त्याच चालींवर अनुवाद झाले होते. भाषा बदलली तरी गीतरामायणच. गायक बदलला की ते गीतरामायण नव्हे. हा न्याय कोणत्या न्यायशास्त्रातला?

१४/ आता मराठवाड्याकडे वळावे, कारण या वादात येथल्या परंपरेची साक्ष सर्वांत मोलाची आहे आणि तीच कोणी काढत नाही.

पैठणच्या एकनाथांनी भावार्थ रामायण लिहावयास घेतले. युद्धकांडाच्या ४४व्या अध्यायापर्यंत ते आले आणि ग्रंथ तेथे थांबला. पुढचा भाग त्यांचा शिष्य गावबा याने पूर्ण केला, अशी परंपरा सांगते. गावबा कोण? पुरणपोळीच्या ओढीने वाड्यावर राहिलेला, मंद समजला जाणारा मुलगा. एकनाथांसारख्या महाकवीच्या अर्धवट ओळीपुढे ओळ ठेवण्याचे धाडस त्याने केले. मराठवाड्याने ते नाकारले नाही. गावागावांत दोघांचा मिळून एकच ग्रंथ वाचला गेला. "नाथांची सर नाही" असे म्हणून पोथी ४४व्या अध्यायावर कोणी मिटली असती, तर रावण आजही जिवंत असता.

१५/ त्या पोथीच्या वाचनाची रीतही पाहावी. एक वाचक ओवी म्हणतो, दुसरा सूचक तिचा अर्थ बोलीत उलगडतो. वाचकाचा घसा बसला की शेजारचा पोथी पुढे ओढतो. म्हातारा गेला की नातू बसतो. या रीतीत पाठ पक्का असतो, माणसे बदलती. किती पिढ्यांचे आवाज त्या ओव्यांवरून गेले याची गणती नाही, आणि त्यांतला कोणता "मूळ" याची चौकशी कधी झाली नाही.

समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब हे याच जालना जिल्ह्यातले. एकनाथांचे रामायण डोळ्यांपुढे असतानाही त्यांनी स्वतःचे सुंदरकांड आणि युद्धकांड रचले. ज्या भूमीने एका कथेला इतके कवी, इतके कंठ दिले, तिने १९५५च्या रचनेपुढे एकाएकी एकच कंठ प्रमाण मानावा, हा या भूमीचा स्वभाव नव्हे. ही शहरातून आलेली उसनी ऐट आहे.

१६/ "म्हणजे कोणीही कसेही गावे काय?" हा पुढचा प्रश्न. मुळीच नाही. बेसूर गाणे बेसूरच. शब्द चावून टाकणारा गायक गीतरामायणाचा अपराधी आहे, मग तो भोकरदनचा असो की पुण्याचा. टीका जरूर व्हावी. पण ती नेमकी असावी : अमुक कडव्यात यमकाचा शब्द गिळला, तमुक गीतात दशरथाचा शोक उरकला, तबला शब्दांवर चढला. "सर नाही" हे वाक्य टीका नव्हे. ते ऐकण्याचे श्रम टाळण्याची सोय आहे. ते उच्चारण्यासाठी कार्यक्रम ऐकावाही लागत नाही.

१७/ या वाक्याचे फळ आता समोर आले आहे. त्याला ट्रॅक म्हणतात.

गाव तालुक्याचे असो वा जिल्ह्याचे, गीतरामायणाच्या कार्यक्रमात वादक दिसेनासे होत आहेत. भ्रमणध्वनीत साठवलेले वाद्यसंगीत ध्वनियंत्रणेस जोडायचे आणि त्यावर गायचे. खर्च वाचतो हे खरे. पण त्याहून मोठे आमिष निराळे आहे : ट्रॅक ध्वनिमुद्रिकेसारखा वाजतो. जेथे श्रोत्याची एकमेव मागणी "तसेच हवे" अशी असते, तेथे तसेच देण्यात यंत्राची बरोबरी कोणता तबलजी करणार? शुद्धतेच्या आग्रहाने प्रथम गायकांची नावे पुसली, मग स्त्रियांचे आवाज, आता वादकांची उपजीविका. पुढची पायरी गायकालाच वगळण्याची आहे, आणि कर्ण्यावर लावलेल्या मुद्रिकेच्या रूपाने ती कित्येक ठिकाणी ओलांडूनही झाली.

गायक जरा थांबला तर तबलजी थांबतो. शबरीचे कडवे म्हणताना एखाद्या म्हातारीचे डोळे भरले तर गायक ती ओळ पुन्हा घेतो. ट्रॅक थांबत नाही.

१८/ दोष केवळ श्रोत्यांचा नाही. आयोजक मंडळांनीही यात भर घातली आहे. चौकातले फलक पाहावेत. माडगूळकरांचे छायाचित्र, फडके यांचे छायाचित्र, त्याहून मोठे पुढाऱ्यांचे, त्याहून मोठे पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे. तळाशी एक ओळ : "आणि सहकलाकार". जो तरुण तीन महिने रोज रात्री तालमीस येतो, त्याचे नाव "आणि". जी बाई स्वयंपाक उरकून कोरसमध्ये उभी राहते, तिचे नाव "सहकलाकार".

१९/ नाव लिहिण्याच्या बाबतीत भोकरदनचा इतिहास याहून पुष्कळ उदार आहे. हे गाव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. केळणा नदीकाठच्या या नगराचे सातवाहनकालीन अवशेष १९७३च्या सुमारास नागपूर व मराठवाडा विद्यापीठांनी केलेल्या उत्खननात प्रकाशात आले. हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक भाग तेथे मिळाला, ज्याचे इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या प्रसिद्ध हस्तिदंती मूर्तीशी साम्य अभ्यासकांनी दाखवले आहे.

पण येथे अधिक महत्त्वाची आहे ती दूरची साक्ष. सांची आणि भारहुत येथील स्तूपांच्या बांधणीस ज्यांनी दान दिले, त्यांची नावे गावासकट दगडावर कोरली आहेत. त्यांत भोगवर्धनचे दाते आहेत.

२०/ दोन हजार वर्षांपूर्वीचे हे लेख चक्रवर्ती राजांचे नाहीत. कोणी भिक्षुणी, कोणी व्यापारी, कोणाची आई, कोणाची पत्नी. कोणी एक स्तंभ दिला, कोणी कठड्याची एक आडवी शिळा. सांचीच्या दानलेखांत स्त्रियांची नावे विपुल आहेत. एवढा प्रचंड स्तूप. त्याखाली एकाच महापुरुषाचे नाव घालून भागले असते. तसे केले गेले नाही. ज्याने एक शिळा दिली त्याचे नाव त्या शिळेवर राहिले.

ज्या गावच्या माणसांनी शेकडो कोस दूर आपली नावे दगडात ठेवली, त्या गावच्या कोरसची नावे गावच्याच फलकावर मावू नयेत?

२१/ उपाय खर्चिक नाहीत. कार्यक्रमाच्या आरंभी १९५५चे गायक आणि वादक नावानिशी सांगावेत. दोन मिनिटे लागतात. सीता, कौसल्या, शबरी, अहल्या यांची गीते गावातल्या गायिकांस द्यावीत. पेटी-तबला माणसाच्या हाती असावा, मग तो थोडा कच्चा का असेना. फलकावर "आणि सहकलाकार" ही ओळ खोडून त्या जागी नावे लिहावीत, ढोलकीवाल्याचे आणि टाळवाल्याचेही. आणि गाळली जाणारी गीते दर वर्षी दोन-चार तरी पुन्हा बसवावीत, म्हणजे ५६चा आकडा केवळ निवेदनापुरता उरणार नाही.

२२/ राहता राहिला "मूळ" शब्दाचा प्रश्न. त्याचे उत्तर माडगूळकरांनी रचनेतच देऊन ठेवले आहे. मालिकेतले शेवटचे गीत वाल्मीकींच्या तोंडी आहे. वृद्ध कवी दोन मुलांना, कुशलवांना, रामायण गाण्यास धाडतो. कसे गावे, काय सांभाळावे हे समजावतो. तो स्वतः गाण्यास जात नाही.

आणि मालिकेतले पहिले गीत त्या पुढचा प्रसंग आहे. भरल्या राजसभेत ती दोन मुले गात आहेत. अनोळखी, आश्रमात वाढलेली, कोणत्याही घराण्याचा शिक्का नसलेली. समोर श्रोता म्हणून बसला आहे तो, ज्याच्या आयुष्याची ही कथा. प्रत्येक प्रसंग मुळात कसा घडला हे त्याच्याहून अधिक कोणास ठाऊक असणार? तो तुलना करीत नाही. गाणे संपताच आसन सोडून तो खाली उतरतो आणि त्या मुलांना मिठीत घेतो.

(समाप्त)